घरची हत्यारं, घरची बिअर

५ मार्च, शुक्रवार

आज लॅव्हर्नच्या बारमध्ये शुक्रवारच्या तळलेल्या माशांच्या जेवणाला, फिश फ्रायला, ऑर्विनने अख्ख्या टेबलासमोर माझी लाज काढली. ऑर्विन म्हणजे मार्लीसचा धाकटा भाऊ. घरी बिअर बनवणाऱ्यांच्या लेकशोर ब्रूइंग क्लबचा कायमचा चॅम्पियन. मी डब्यातलं तयार सिरप पाण्यात उकळून बिअर करतो, हे गावाला माहीत आहे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हा उभा राहून म्हणाला, "दाजींची बिअर म्हणजे सूपचा डबा! फोडला, गरम केला, झाला स्वयंपाक."

बारमागे लॅव्हर्नसुद्धा हसली. तिच्याकडे मी चोवीस वर्षं पितोय.

मी एक शब्द बोललो नाही. टार्टर सॉसची वाटी त्याच्या मांडीवर गेली ती कोपर लागून. वाटीमागोमाग ताट गेलं. ताटामागोमाग टेबल. हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा स्नोप्लाव चालवणाऱ्या माणसाच्या कोपरात जोर असतोच, त्याला माझा इलाज नाही.

येताना मार्लीस गाडीत म्हणाली, "हार्लन, तुला राग येतो तेव्हा तुला कळतं तरी का?"

राग? मी आमच्या डेपोतला सगळ्यात थंड डोक्याचा माणूस आहे.

निश्चय: डबा बंद. आता धान्यापासून बिअर, तीही स्वतः बनवलेल्या सामानावर. ऑर्विनची चकचकीत भांडी कॅटलॉगमधून येतात. ऑगस्टच्या काउंटी फेअरमध्ये, जत्रेतल्या बिअरच्या स्पर्धेत, मी त्याला माझ्या गॅरेजमध्ये जन्मलेल्या बिअरने हरवणार.

१३ मार्च, शनिवार

लॅव्हर्नने बारमागचं बिअरचं जुनं पिंप दिलं. स्टीलचं, मजबूत. त्याचं तोंड कापलं की उकळायचं भांडं तयार. सोपं काम.

आधी आतली हवा सोडून द्यावी, असं पिंपावरच छापलेलं आहे. पण छापणाऱ्यांना वकिलांची भीती असते. मी स्क्रू-ड्रायव्हरने रिंग उचकटली.

आतली लांब नळी भाल्यासारखी सुटली. माझ्या कानाजवळून गेली आणि छताच्या तुळईत घुसली. अजून तिथेच आहे, निघत नाही. मागोमाग गेल्या कुठल्यातरी उन्हाळ्यातली आंबलेली बिअर माझ्या तोंडावर.

मग पत्रा कापायचा ग्राइंडर. अर्ध्यावर चकती फुटली. एक तुकडा दारात, एक पिकअपच्या टायरमध्ये. टायरनेही आवाज केला.

मार्लीस धावत आली. हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत नर्स आहे, त्यामुळे तिला ओरडायची सवय नाही. एवढंच म्हणाली, "बोटं मोज."

मोजली. आहेत.

तोंड कापून झालंय. थोडं तिरकं आहे. उकळत्या पाण्याला सरळ-तिरकं काय कळतंय?

२७ मार्च, शनिवार

धान्य भरडायची गिरणी तयार. दोन लोखंडी रूळ आणि कपडे वाळवायच्या जुन्या ड्रायरची मोटर. बटण बसवलेलं नाही. प्लग लावला की चालू, काढला की बंद. यंत्र जितकं साधं तितकं चांगलं.

पहिली मूठभर माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, टाकली. झकास भरडली गेली. मग शर्टाची बाही भरडली गेली. मग मी हळूहळू त्या बाजूला जाऊ लागलो.

प्लग हाताच्या अंतरावर नव्हता. हातोडा होता. मोटरवर घातला. मोटर ऐकेना. पुन्हा घातला. तिसऱ्यांदा माझ्याच गुडघ्यावर बसला. मार्लीसने येऊन प्लग खेचला तेव्हा माझं नाक रुळांवर टेकायच्या बेतात होतं.

ती म्हणाली, "हे बंद कर. मी विनंती करतेय."

मी तिला समजावलं, की प्रत्येक शोधात असा टप्पा येतो. ती म्हणाली, प्रत्येक शोधातला माणूस तिच्या वॉर्डात येतो. विनोदबुद्धी चांगली आहे तिची.

शर्ट गेला. गिरणी शाबूत आहे.

१० एप्रिल, शनिवार

भरडलेली माल्ट गरम पाण्यात तासभर मुरवायची, म्हणजे तिचा गोड काढा उतरतो. त्यासाठी उष्णता धरून ठेवणारी मोठी पेटी लागते. दुकानात प्लास्टिकचे कूलर आहेत, पण त्यात दम नाही.

तळघरात सासऱ्यांची मासेमारीची बर्फपेटी सापडली. हिरवी, पत्र्याची, आतून जाड थर्मोकोल. बाहेर त्यांनी चाकूने कोरलेले पाइक माशांचे आकार, एकेक मोठा मासा पकडला की एक. ते वारल्यापासून कुणी उघडलीही नव्हती. पडून पडून गंजली असती बिचारी. मी तिला नवं आयुष्य दिलं. खाली ड्रिलने भोक पाडलं, नळ बसवला. एक पाइक गेला. फार मोठा नव्हता.

मार्लीसला योग्य वेळी सांगेन.

१ मे, शनिवार

आज पहिली बिअर. सविस्तर लिहून ठेवतो. पुढे क्लबमध्ये लोक विचारतील.

सकाळी माल्ट पेटीत घातली, गरम पाणी ओतलं. घमघमाट. तासाभराने नळ उघडला. एक थेंब आला. मग काही नाही. आतली जाळी दबली होती. धान्याचा लगदा सिमेंटसारखा बसला होता. चमच्याने ढवळलं, चमचा मोडला. फावड्याने ढवळलं, फावडं अडकलं. पेटीला लाथ मारली. हे तांत्रिक कारणासाठी. धक्क्याने हवा मोकळी होते.

मग कल्पना सुचली. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर. त्याची नळी खालच्या नळाला लावायची, उलट दिशेने फुंकायचं. झाकण उडू नये म्हणून मी त्यावर बसलो.

नेमका तेव्हा ऑर्विन आला. मार्लीसने बोलावलं असावं. दारात उभा राहून म्हणाला, "हा काय प्रकार? आणि ही पेटी... ही बाबांची पेटी आहे?"

मी म्हटलं, "होती."

हा शब्द चुकला. आणि त्याच क्षणी कॉम्प्रेसर चालू झाला.

मी वर गेलो. किती वर ते सांगता येणार नाही, पण छतातली ती नळी मला जवळून दिसली. खाली आलो तो ऑर्विनवर. सगळीकडे उकळता लगदा. त्याच्या मानेला भाजलं, माझ्या पाठीला. तो ओरडत होता, "भोक! बाबांच्या पेटीला भोक पाडलं नालायकाने!" आणि मला बुक्के मारत होता. मी फक्त बचाव केला. बचावाचा पहिला ठोसा त्याच्या दातावर बसला. दुसरा गॅरेजच्या दारावर, कारण तो खाली वाकला. मग आम्ही दोघे लगद्यात घसरत ड्राइव्हवेवर आलो. त्याने माझा कान धरला, मी त्याचे केस. ते आधीच कमी आहेत.

शेजाऱ्यांनी फोन केला असणार. डेप्युटी शेरीफ क्लेमेन्स आला. क्लबचा मेंबर आहे, त्यामुळे बंदुकीला हात लावला नाही. वाकून चिमूटभर लगदा हुंगला. मग विचारलं, "कोणती माल्ट वापरलीत?"

मार्लीसने बागेचा पाइप आमच्यावर सोडला तेव्हा आम्ही थांबलो.

ऑर्विनने पेटी उलटी करून झटकली, गाडीत घातली. जाताना म्हणाला, "दाजी, तुम्ही माझ्या बहिणीचे नवरे नसता ना..." वाक्य पूर्ण केलं नाही. दाताला हात लावून बसला होता.

२ मे, रविवार

बरगडी दुखते. मार्लीसने पट्टी बांधली. पेटीच्या बाबतीत तिला जरा वाईट वाटलंय, असा माझा अंदाज आहे, कारण ती रात्रभर रडत होती.

चर्चमध्ये ऑर्विन पुढच्या बाकावर. मानेला मलम. शांततेसाठी शेजाऱ्याशी हस्तांदोलन करा, असं पाद्री म्हणाले तेव्हा त्याने भिंतीशी केलं.

२२ मे, शनिवार

प्लास्टिकचा कूलर आणला. दम नाही, पण काढा उतरला! गोड, तांबूस, सुंदर. डोळ्यांत पाणी आलं. (धुरामुळेही असेल.)

उकळायला टर्की तळायचा गॅस बर्नर. पिंप तिरकं कापलेलं असल्यामुळे काढा उतू जाताना एकाच बाजूने गेला. ती बाजू गॅसच्या नळीची होती. ज्वाळा वर आल्या. भुवया गेल्या. गॅरेजच्या भिंतीवरचं प्लास्टिक आवरण वितळून पडद्यासारखं लोंबलं. मी फावड्याने आग बडवली, आगीने फावडं बडवलं. शेवटी मार्लीसने घरातून आग विझवायचा लाल सिलिंडर आणून सगळ्यावर पांढरा फेस मारला. माझ्यावर जरा जास्तच.

पण पिंपात फेस गेला नाही, मी आधीच झाकण घातलं होतं. आगीतही मी पहिलं झाकण घातलं! खरा ब्रूअर असाच असतो.

तांब्याची नळी गुंडाळून केलेल्या कूलिंग कॉइलने काढा गार झाला. कॉइल दोन ठिकाणी गळते. थोडं विहिरीचं पाणी आत गेलं. त्याने चव खुलेल.

यीस्ट टाकलं. तळघरात ठेवलं. आता फक्त धीर.

५ जून, शनिवार

धीर संपला. बुडबुडे थांबल्यावरच बाटलीत भरायची असते. ते अजून येतायत, पण कधीतरी थांबतीलच की. बाटल्यांमध्ये भरली. बुडबुड्यांसाठी वर साखर लागते. किती, ते पुस्तकात आहे. पुस्तक लगद्यात गेलं. अंदाजाने घातली. फेस जास्त आला तर परीक्षकांना आवडतोच.

झाकणं दाबायचं यंत्रही घरचंच, पिकअपच्या जॅकपासून. काही बाटल्यांची मान तुटली. बाकीच्यांचं झाकण बसलं. काहींचं घट्ट, काहींचं जरा सैल.

बाटल्या तळघराच्या शेल्फवर रांगेत. किती देखण्या दिसतात!

३ जुलै, शनिवार

खालून आवाज आला. फाट! मार्लीस दचकली. मी म्हटलं, पोरं उद्याच्या स्वातंत्र्यदिनाचे फटाके आधीच उडवतायत.

फाट! फाट!

पोरं जवळच असावीत.

४ जुलै, रविवार

मी खाली जाऊन आलो. वेल्डिंगचा मास्क आणि थंडीतलं जाकीट घालून. चार बाटल्या गेल्या आहेत. काचा भिंतीत रुतल्या आहेत. एक वॉशिंग मशीनच्या पत्र्यातून आरपार. दाबात दम आहे! बाकीच्या शांत दिसतात. वाईट होत्या त्या फुटल्या, चांगल्या राहिल्या. ही नैसर्गिक निवड.

मार्लीसला म्हटलं, धुणं दोन दिवस राहू दे. तिने विचारलं, "का?" मी म्हटलं, "दमट आहे." सगळं सांगितलं असतं, पण परेड सुटायची वेळ झाली होती.

५ जुलै, सोमवार

मार्लीसचा युनिफॉर्म तळघरातल्या ड्रायरमध्ये होता. तिची सकाळची शिफ्ट. मी झोपलो होतो.

आवाज एकच झाला, आणि त्यानंतर ती ओरडली. आजवर मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं.

काच डाव्या हातावर, मनगटापासून वर. रक्त जिन्यावर, माझ्या पायांवर, सगळीकडे. मी शर्ट फाडून बांधला. तिनेच सांगितलं कसा बांधायचा, किती आवळायचा. हात वर धरायचा हेही तिनेच सांगितलं. गाडीत मी लाल सिग्नल तोडला तेव्हा म्हणाली, "हळू चालव. वाचेन मी."

तिच्याच वॉर्डातल्या मुलींनी टाके घातले. एकीने फक्त माझ्या भुवयांच्या जागेकडे बघितलं.

बाहेर आल्यावर मार्लीस म्हणाली, "हार्लन, लोक घरी मार खातात आणि माझ्याकडे येतात. मी त्यांना रोज विचारते, घरी सुरक्षित वाटतं का? आज त्यांनी मला विचारलं."

मी विचारलं, तू काय सांगितलंस?

ऑर्विन गाडी घेऊन आला होता. ती त्याच्याबरोबर गेली.

मी इथे लिहिणार होतो, की मी तिला खाली जाऊ नको म्हणालो होतो. लिहीत नाही.

६ जुलै

घरात आवाज नाही. मधूनच तळघरात फाट.

८ जुलै

गॅरेजमध्ये घणाने सगळं फोडलं. गिरणी गेली. कूलर गेला. कॉइल चपटी केली. पिंपावर घण घातला तो उसळून माझ्या नडगीवर आला. पुन्हा घातला, पुन्हा आला. पिंपाला पोचासुद्धा नाही. अख्ख्या सामानात तीच एक वस्तू मजबूत, आणि ती मी बनवलेली नव्हती.

मग जमिनीवर बसलो. हा राग असावा. आधीचे सगळे प्रसंगही बहुतेक रागाचेच असावेत.

११ जुलै, रविवार

ऑर्विनकडे गेलो. मार्लीस दारात आली नाही. ऑर्विन आला. मी त्याच्यापुढे उभा राहिलो आणि हात खिशात ठेवले. म्हटलं, "मारायचं असेल तर मार."

तो म्हणाला, "दाजी, तुम्हाला मारून माझा दात येणार आहे का परत?"

मग म्हणाला, "तळघरात अजून किती आहेत?"

मी म्हटलं, बऱ्याच.

"ताई त्या घरात पाय ठेवणार नाही त्या असेपर्यंत. आणि तुम्ही एकट्याने उचलायला गेलात तर मराल. म्हणजे मला काही नाही. पण ती रडेल."

१८ जुलै, रविवार

आज बाटल्या काढल्या. ऑर्विन आणि मी. दोघांनी आइस हॉकीच्या गोलकीपरचं सगळं सामान घातलं होतं, छातीला, पायांना, तोंडाला. ऑर्विनकडे दोन जोड असतातच, तो क्लबच्या हॉकी टीमचा गोलकीपर आहे. बाटल्या एकेक करून वाळूच्या खोक्यात. जिन्यावर एक फुटली. ऑर्विनच्या छातीच्या पॅडवर. तो मास्कमधून एवढंच म्हणाला, "आई गं." मग आम्ही खोकं खाली न ठेवता वर आलो. मला वाटतं, मी त्याचा दंड धरला होता.

गावाबाहेरच्या खडीच्या खाणीत नेल्या. डेप्युटी क्लेमेन्स आधीच हजर. ऑर्विनने बदकांच्या शिकारीची बंदूक काढली. क्लेमेन्स म्हणाला, "मी आता त्या झाडाकडे बघणार आहे. छान झाड आहे," आणि पाठ फिरवून उभा राहिला.

मार्लीसही आली होती. हाताला पट्टी. माझ्यापासून लांब, ऑर्विनच्या गाडीच्या मागे.

ऑर्विनने पहिली बाटली उडवली. फेसाचं झाड उभं राहिलं, काचा खडकावर आपटल्या. दुसरी. तिसरी. मग मार्लीस पुढे आली.

"मला दे."

"ताई, हात..."

"दे म्हटलं ना."

तिने बंदूक गाडीच्या काठावर टेकवली आणि एकामागून एक बाटल्या फोडायला लागली. एकही चुकली नाही. तोंडाने काही म्हणत होती. पहिल्यांदा वाटलं, शिव्या. मग ऐकू आलं. "ही पेटीची. ही बाहीची. ही आगीची. ही हाताची." रांगेतली शेवटची उडवली आणि माझ्याकडे वळली. बंदूक अजून हातात होती. क्लेमेन्सने झाडावरची नजर काढली.

मी हललो नाही. मला वाटलं, आता जे होईल ते बरोबरच असेल.

ती म्हणाली, "हार्लन, पुन्हा कधी माझ्यापासून काही लपवलंस, तर मी बोलणार नाही. निघून जाईन."

मी मान हलवली. नुसती मानच, हे बरं झालं. मी काहीतरी समजावलं असतं.

एका खोक्यातल्या काही बाटल्या मात्र गोळी लागूनही फेसाळल्या नाहीत. नुसत्या तुटल्या, आणि बिअर पाण्यासारखी वाहून गेली. सैल झाकणांच्या होत्या. दाब कधीच निघून गेला होता. ऑर्विनने त्याच खोक्यात उरलेली एक उघडली. वास घेतला. त्याने घोट घेतला. तोंडात फिरवला, आकाशाकडे बघितलं, पुन्हा एक घोट.

मी विचारलंच, "कशी आहे?"

तो बराच विचार करून म्हणाला, "ओली आहे."

क्लेमेन्सनेही घेतली. तो म्हणाला, "हो. ओली म्हणता येईल."

मार्लीस हसली. तोंड दाबून, पण हसली.

उरलेल्या बाटल्या तिने गाडीत ठेवायला सांगितल्या. घरी येताना ती माझ्या गाडीत बसली. मागच्या सीटवर.

२४ जुलै, शनिवार

उरलेल्या बिअरचं मार्लीसने काय करायचं ठरवलंय ते कळलं. कोबीवर गोगलगायी पडल्यात. बशीत बिअर ओतून वाफ्यात ठेवली की त्या वासाने येतात आणि बुडून मरतात. सगळं गाव हेच करतं.

म्हणजे माझी बिअर गोगलगायींना. हरकत नाही. काम तर होतंय. संध्याकाळी दोघांनी मिळून बशा मांडल्या. तिचा डावा हात अजून ताठ आहे, म्हणून मी ओतत होतो, ती जागा दाखवत होती. शेवटची बशी रिकामी राहिली, तेव्हा तिने फ्रिजमधून ऑर्विनच्या बिअरची अर्धी बाटली आणून त्यात ओतली.

मी काही बोललो नाही. खरंच नाही. कोपरही कुठे लागला नाही.

२५ जुलै, रविवार

सकाळी वाफ्यात गेलो. ऑर्विनच्या बशीत एकावर एक गोगलगायी, बिअर दिसेना.

माझ्या बशांमध्ये एकही नाही. एक काठापर्यंत आलेली होती. चिकट रेघ दिसते. तिथून मागे वळून ती सरळ कोबी खायला गेली आहे.